पदवीनंतर वैद्यकीय शिक्षण : ब्रिटनमधील चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज कसा करावा

हातात बी.एस्सी., बी.फार्म., अभियांत्रिकी किंवा अगदी इतिहासाची पदवी असताना, पंचविशी-तिशीच्या उंबरठ्यावर ‘आपल्याला खरे तर डॉक्टरच व्हायचे आहे’ हे मनाशी पक्के होणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. भारतात अशा माणसाला एकच वाट असते. ती म्हणजे बारावीच्या मुलांबरोबर ‘नीट’ ही प्रवेश-परीक्षा देऊन एमबीबीएस पहिल्या वर्षापासून करणे. ब्रिटनमध्ये मात्र २००० सालापासून पदवीधरांसाठी स्वतंत्र, चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे. एरवी जे शिक्षण पाच किंवा सहा वर्षांत होते तेच येथे सुट्ट्या कमी करून आणि पहिल्या दोन वर्षांचा मूलभूत भाग दाटून चार वर्षांत बसवलेले असते. शेवटी मिळणारी पदवी आणि नोंदणी इतर विद्यार्थ्यांसारखीच असते.

मी स्वतः या वाटेने गेले आहे. कऱ्हाडला दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी., लग्नानंतर इंग्लंड, तेथे काही वर्षे प्रयोगशाळेतील नोकरी आणि मग हा अर्ज, असा माझा क्रम होता. पहिल्या वर्षी चारही ठिकाणांहून नकार आला आणि दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला. मधल्या बारा महिन्यांत माझी हुशारी वाढली नव्हती. कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करायची ते कळले होते. तोच क्रम येथे मांडते आहे.

पहिली पायरी : आपण कोणत्या गटात मोडतो ते ठरवणे

परीक्षेच्या पुस्तकांवर एक पौंडही खर्च करण्याआधी आपला शुल्क-दर्जा पाहावा. विद्यापीठे विद्यार्थ्यांचे दोन गट करतात, स्थानिक शुल्काचे आणि परदेशी शुल्काचे. स्थानिक गटात येण्यासाठी सर्वसाधारणपणे ब्रिटिश नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना आणि त्याआधीची तीन वर्षे ब्रिटनमध्ये नियमित राहणे आवश्यक असते. हा दर्जा अर्जाच्या दिवशी काय आहे यापेक्षा अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी काय असेल, याला महत्त्व असते. आपल्या अनेक कुटुंबांत नवरा किंवा बायको कामाच्या व्हिसावर असते आणि जोडीदार व मुले त्यांच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. दहा वर्षे येथे राहिलेला आणि येथेच शाळा शिकलेला मुलगाही कायम वास्तव्याचा परवाना नसेल तर बहुतेक वेळा परदेशी गटात धरला जातो, हे घरच्यांना फार उशिरा कळते. ज्यांचा परवाना वर्षभरात येणार आहे त्यांनी अर्ज एक वर्ष पुढे ढकलण्याचा विचार अवश्य करावा, कारण त्या एका वर्षाने हजारो पौंडांचा फरक पडतो.

परदेशी गटासाठी चार वर्षांच्या अभ्यासक्रमात जागा फार थोड्या असतात आणि काही विद्यापीठे तर या अभ्यासक्रमाला परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. महाराष्ट्रातून थेट अर्ज करू इच्छिणाऱ्याने म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर हीच ओळ सर्वांत आधी शोधावी.

पैशांचे गणितही याच टप्प्यावर मांडावे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या स्थानिक गटातील पदवीधराला पहिल्या वर्षी शुल्कातील ३,४६५ पौंड स्वतःच्या खिशातून भरावे लागतात आणि उरलेल्या शुल्कासाठी सरकारी विद्यार्थी-कर्ज मिळते. २०२५-२६ साली वार्षिक शुल्क ९,५३५ पौंड होते, म्हणजे कर्जाचा भाग ६,०७० पौंडांचा झाला. दुसऱ्या वर्षापासून शुल्कातील ३,७१५ पौंड एनएचएस या तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या शिष्यवृत्तीतून भरले जातात आणि बाकीचे कर्जातून. याउलट तोच पदवीधर नेहमीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेला तर ही दुसरी पदवी मानली जाते आणि पहिल्या चार वर्षांच्या शुल्कासाठी त्याला कर्ज मिळत नाही. राहण्या-खाण्यासाठीचे कर्ज मात्र मिळते. त्याच दराने हिशोब केला तर चार वर्षांचे ३८,१४० पौंड उभे करावे लागतात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एवढी चुरस का असते याचे मोठे कारण या आकड्यात आहे.

भारतात परतायचे असेल तर आधी हे वाचा

हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा लिहिते आहे, कारण प्रवेशाच्या आनंदात तो कोणी विचारत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ साली परदेशी पदवीधरांसाठी केलेल्या नियमांनुसार भारतात नोंदणीसाठी परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो, त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असावी लागते आणि विद्यार्थी ‘नीट’ परीक्षा उत्तीर्ण असावा लागतो. चार वर्षे म्हणजे ४८ महिने. तेव्हा या पदवीच्या बळावर उद्या कोल्हापुरात किंवा पणजीत दवाखाना थाटता येईल असे गृहीत धरू नये. आई-वडील थकल्यावर परत जायचेच आहे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी घरी बसून हे बोलून घ्यावे आणि मगच पुढची पायरी चढावी.

पदवी आणि टक्केवारी

बहुतेक ठिकाणी किमान अपेक्षा असते ती ब्रिटिश पद्धतीच्या वरच्या दुसऱ्या श्रेणीची. ही श्रेणी तेथे साधारण ६० ते ६९ टक्क्यांना मिळते. म्हणून आपले ६० टक्के म्हणजे तीच श्रेणी असे समजणे मात्र चूक आहे. भारतीय पदवीचे मोल प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, आणि त्यासाठी काही वेळा यूके एनिक या संस्थेचे तुलना-प्रमाणपत्र मागते. प्रवेश-विभागाला ईमेल करून आपली पदवी, विद्यापीठ, वर्ष आणि टक्केवारी कळवावी आणि लेखी उत्तर जपून ठेवावे. गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट गावाहून मागवायला लागणारा वेळ यात धरावा. भावाला विद्यापीठाच्या खिडकीपाशी दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतातच.

विषयाची अट सगळीकडे सारखी नाही. वॉरिक आणि स्वान्सी येथे कोणत्याही शाखेची पदवी चालते. इतर काही ठिकाणी विज्ञानाची पदवी किंवा शाळेतील रसायनशास्त्र लागते. सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार अशा पदव्या असणाऱ्यांना फार चिंता नको. वाणिज्य किंवा कला शाखेच्या अर्जदारांनी यादी आधीच गाळून घ्यावी.

अनुभव : ज्यावर अर्ज उभा राहतो

येथे मी जरा थांबणार आहे, कारण माझा पहिला अर्ज येथेच कच्चा होता. मला वाटत होते की रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चार वर्षे नमुने तपासले, एवढे पुरे आहे. पण प्रयोगशाळेत बाटलीवर नाव असते, माणूस नसतो. निवड करणाऱ्यांना पाहायचे असते ते एवढेच की हा अर्जदार आजारी, चिडलेल्या, घाबरलेल्या माणसाजवळ बराच काळ राहिला आहे का आणि तरीही त्याला हेच काम करायचे आहे का. अठरा वर्षांच्या मुलाला या बाबतीत सूट मिळते. नोकरी सोडून येणाऱ्या पदवीधराने मात्र आपला निर्णय स्वतः तपासून आणलेला असावा, अशी अपेक्षा असते.

दोन दिवस डॉक्टरांच्या मागे उभे राहून पाहण्यापेक्षा हाताने केलेल्या शुश्रूषेच्या कामाला म्हणून अधिक वजन असते. वृद्धाश्रमातील काळजीवाहक, रुग्णालयातील आरोग्य-साहाय्यक, हॉस्पिसमधील (मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहातील) स्वयंसेवक, अपंग मुलांच्या शाळेतील मदतनीस, यांपैकी काहीही चालते. वॉरिकने तर आरोग्य किंवा समाज-शुश्रूषेच्या दोन वेगवेगळ्या भूमिकांत मिळून किमान ७० तासांचा अलीकडचा अनुभव मागितलेला आहे. आपल्याकडे वडिलांच्या किंवा सासूबाईंच्या आजारपणात वर्ष-वर्ष शुश्रूषा केलेल्या स्त्रिया हा अनुभव ‘घरचेच काम’ म्हणून लिहीत नाहीत. तो जरूर लिहावा. मात्र तेवढ्यावरच भागेल असे मानू नये आणि विद्यापीठ घरची शुश्रूषा तासांत धरते की नाही हे विचारून घ्यावे.

नकारानंतर मी एका वृद्धाश्रमात शनिवार-रविवारचे काम धरले. तेथे अर्धांगवायू झालेले एक आजोबा होते. पातळ पदार्थ त्यांच्या श्वासनलिकेत जाण्याचा धोका होता, म्हणून चहात घट्ट करणारी पूड मोजून घालावी लागे. पहिल्या सकाळी मी उभ्यानेच, अगदी अगत्याने, कप त्यांच्या ओठांशी नेला आणि त्यांनी तो हाताने उडवून लावला. माझ्याबरोबरच्या जुन्या काळजीवाहक बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नवा चहा केला, खुर्ची ओढून आजोबांच्या नजरेच्या उंचीवर बसल्या, कप त्यांच्या चांगल्या हातात दिला आणि फक्त खालून आपले बोट टेकवले. आजोबांनी हळूहळू सगळा चहा संपवला. मग बाईंनी तक्त्यावर ‘१५० मिली’ लिहिले आणि दुसऱ्या खोलीकडे निघाल्या. पुढे मुलाखतीत ‘रुग्णाचा आत्मसन्मान म्हणजे काय’ असे विचारले गेले तेव्हा माझ्याकडे व्याख्या नव्हती, तो कप होता, आणि मी तोच सांगितला.

यासाठी एक वही ठेवावी. प्रत्येक पाळीनंतर तारीख, तास, काय पाहिले, आपले काय चुकले आणि त्यातून काय समजले, अशा चार ओळी लिहाव्यात. रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र कधीही लिहू नये. आठ महिन्यांनी अर्ज लिहायला बसाल तेव्हा या वहीसारखा आधार दुसरा नसतो.

प्रवेश-परीक्षा : यूकॅट आणि गॅमसॅट

दोन परीक्षा आहेत आणि कोणते विद्यापीठ कोणती मागते हे दरवर्षी पाहावे लागते, कारण या यादीत अलीकडे बरेच बदल होत आहेत.

यूकॅट ही संगणकावर, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात जुलै ते सप्टेंबर या काळात होते. वर्षातून एकदाच देता येते आणि तिचे गुण त्याच वर्षाच्या अर्जाला चालतात. २०२५ पासून आकृत्यांचा भाग वगळण्यात आला असून आता तीन बौद्धिक विभाग आणि एक प्रसंगनिर्णयाचा विभाग आहे. बौद्धिक विभागांचे एकूण गुण ९०० ते २,७०० च्या दरम्यान येतात. प्रसंगनिर्णयाला गुण नसून एक ते चार असे गट मिळतात, आणि पहिला गट सर्वांत चांगला.

मराठी माध्यमातून आलेल्यांना सर्वांत जड जातो तो भाषिक विभाग. २२ मिनिटांत ४४ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला अर्धा मिनिट, आणि त्यातच उतारा वाचायचा असतो. आपल्याला उतारा समजून घेऊन, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचण्याची सवय लावलेली असते आणि ती येथे नडते. आधी प्रश्न वाचून त्यातील एखादे नाव किंवा साल पकडावे, उताऱ्यात ते शोधावे, आजूबाजूच्या दोन ओळी वाचून उत्तर द्यावे आणि पुढे जावे. मी तीन महिने रोज सकाळी वीस मिनिटे एवढेच केले. पहिल्या आठवड्यात निम्मे प्रश्नही होत नव्हते. गणिताच्या विभागाला ३६ प्रश्न आणि २६ मिनिटे असतात. गणित दहावीपलीकडचे नसते, पण पडद्यावरील गणकयंत्र कळफलकाने चालवण्याचा सराव नसेल तर वेळ हातातून निसटतो.

प्रसंगनिर्णयाच्या विभागात आपण वेगळ्याच कारणाने चुकतो. वरिष्ठांसमोर गप्प राहणे हे आपल्या वाढीत विनय म्हणून शिकवलेले असते. वरिष्ठ डॉक्टरांनी हात न धुता रुग्णाला तपासायला घेतले तर विद्यार्थ्याने काय करावे, अशा प्रश्नाला आपले मन ‘नंतर एकांतात सांगावे’ असे उत्तर देते, आणि ते बरोबर ठरत नाही. रुग्णाची सुरक्षितता आधी. म्हणून तेथल्या तेथे, नम्रपणे आणि थेट सांगावे, अशी तेथील व्यवसायाची अपेक्षा आहे. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलची ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ ही आचारसंहिता संकेतस्थळावर मोफत आहे. ती दोनदा लक्षपूर्वक वाचली की या विभागातील उत्तरांमागचा विचार उलगडतो. सरावासाठी यूकॅटच्या अधिकृत संकेतस्थळावरील मोफत चाचण्या आधी संपवाव्यात, मग हवे तर पैसे देऊन काही घ्यावे.

गॅमसॅट हे वेगळे प्रकरण आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये होणाऱ्या या परीक्षेत मानव्यशास्त्रीय उताऱ्यांवरील तर्क, दोन निबंध आणि विज्ञान असे तीन भाग असतात. विज्ञानाचा भाग अडीच तासांचा, ७५ प्रश्नांचा असतो आणि त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्रावरील तर्क तपासला जातो. ज्यांना घाईने वाचणे जमत नाही पण विज्ञानाचा पाया पक्का आहे, अशांना ही परीक्षा अधिक मानवते. मार्चला दिली तर निकाल उन्हाळ्याआधी हाती येतो, आणि मग यूकॅटही द्यायची की नाही हे शांतपणे ठरवता येते.

चार विद्यापीठे निवडणे

अर्ज यूकॅस या एकाच केंद्रीय यंत्रणेतून होतो. पाच पर्याय देता येतात, पण त्यांपैकी वैद्यकीय जास्तीत जास्त चारच. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक बहुतेक ठिकाणी ए१०१ असतो आणि नेहमीच्या अभ्यासक्रमाचा ए१००. घाईत चुकीचा क्रमांक निवडला तर अर्ज चुकीच्या रांगेत जाऊन पडतो.

पहिल्या वर्षी मी विद्यापीठे नावावरून निवडली. नातेवाइकांना सांगताना बरे वाटतील अशी चार नावे होती. त्यांपैकी दोन ठिकाणी यूकॅटच्या गुणांची रेषा माझ्या गुणांच्या बरीच वर लागते हे आधीच्या वर्षांच्या माहितीवरून सहज दिसले असते, आणि एका ठिकाणी मला नसलेली शालेय विषयाची अट होती. यूकॅटचा निकाल लगेच कळतो, म्हणजे अर्ज पाठवण्यापूर्वी आपल्या हातात गुण असतात. त्याचा उपयोग करून घ्यावा. एका कागदावर आपली पदवी, गुण, प्रसंगनिर्णयाचा गट आणि अनुभवाचे तास लिहावेत. दुसऱ्यावर प्रत्येक विद्यापीठ मुलाखतीसाठी कशाच्या आधारे निवडते ते लिहावे, आणि जुळतील तेथेच अर्ज करावा. मेडिकल स्कूल्स कौन्सिल दरवर्षी सर्व विद्यापीठांच्या अटी एकत्र प्रसिद्ध करते. सुरुवात तेथून करावी आणि खात्री विद्यापीठाच्या पानावरून करावी.

वॉरिक आणि स्वान्सी येथे वैद्यकीय पदवीला पदवीधरच घेतले जातात, त्यामुळे वर्गात पंचेचाळिशीचा सहाध्यायीही परका वाटत नाही. नॉटिंगहॅमचा हा अभ्यासक्रम डर्बीमध्ये सुरू होतो. न्यूकॅसल, साउथॅम्प्टन, लंडनमधील किंग्ज, बार्ट्स आणि सिटी सेंट जॉर्जेस येथे नेहमीच्या अभ्यासक्रमाशेजारी हा मार्ग चालतो. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रूज आणि डंडी यांनी २०१८ पासून एकत्र चालवलेला स्कॉटजेम हा अभ्यासक्रम आहे. त्याचा भर ग्रामीण भागातील कुटुंब-डॉक्टरकीवर आहे, आणि पदवीनंतर स्कॉटलंडमध्ये सेवा करण्याची तयारी असेल तर वर्षाला ४,००० पौंडांचे साहाय्यही मिळते. साताऱ्या-सिंधुदुर्गातील तालुक्याच्या गावी ज्यांचे बालपण गेले, त्यांना तेथील काम आपलेसे वाटण्याची शक्यता मला फार दिसते.

अर्ज आणि निवेदन

मुदत असते १५ ऑक्टोबरची, ब्रिटनच्या घड्याळाने संध्याकाळी सहाची. इतर बहुतेक विषयांची मुदत जानेवारीत असल्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असे सांगणारे मित्र भेटतात. त्यांचे ऐकू नये.

वैयक्तिक निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध राहिलेला नाही. आता तीन प्रश्न असतात : हा अभ्यासक्रम का निवडला, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय तयारी केली. तिन्ही मिळून ४,००० अक्षरचिन्हांची मर्यादा असते, त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरचिन्हांचे लागते. पहिल्या प्रश्नाला ‘लहानपणापासून स्वप्न होते’ असे उत्तर पदवीधराने देऊ नये, कारण मग मधली वर्षे कोठे गेली हा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी आधीचे काम करताना नेमके काय कमी पडत होते ते लिहावे. मी लिहिले होते की जंतू ओळखून अहवाल वर पाठवल्यानंतर त्या माणसाचे पुढे काय झाले हे मला कधीच कळत नसे. दुसऱ्या उत्तरात पदवीचे प्रकल्प, तिसऱ्यात वहीतील एक-दोन प्रसंग. दहा ठिकाणांची यादी देण्यापेक्षा दोन प्रसंग नीट उलगडलेले बरे.

शिफारसपत्रासाठी अलीकडचे प्राध्यापक उत्तम. पदवीला बरीच वर्षे झाली असतील तर नोकरीतील वरिष्ठ चालतील का हे विद्यापीठाला विचारावे. पुण्या-मुंबईचे प्राध्यापक शिफारस देणार असतील तर त्यांना यूकॅसचा ईमेल येईल, त्यातील दुव्यावरून मजकूर भरायचा असतो, हे फोन करून समजावून सांगावे, आणि त्यांना ऑगस्टमध्येच विनंती करावी. गणपती, नवरात्र आणि सत्र-परीक्षा यांच्या गडबडीत ऑक्टोबरचा पहिला आठवडा कधी येतो ते कळत नाही.

मुलाखत

मुलाखती साधारण हिवाळ्यात होतात आणि बहुतेक ठिकाणी त्या छोट्या-छोट्या टप्प्यांच्या असतात. दार उघडायचे, पाच-सात मिनिटे एक प्रसंग किंवा प्रश्न हाताळायचा, घंटा झाली की पुढच्या दारात जायचे. एखाद्या टप्प्यावर अभिनेता रागावलेला नातेवाईक होऊन बसलेला असतो. तेथे उपाय सुचवण्याची घाई आपल्याला नडते. आधी ऐकावे, त्याला काय वाटते आहे ते त्याच्याच शब्दांत परत सांगावे, आणि जे आपल्याला माहीत नाही त्याचे आश्वासन देऊ नये. एक टप्पा वाईट गेला तरी पुढचा परीक्षक नवा असतो. मागचे दार मागेच ठेवून आत जावे. उच्चाराची भीती बाळगू नये. वेग मात्र कमी करावा, कारण आपण इंग्रजी घाईने बोलतो आणि वाक्यांची टोके गिळतो. मी स्वयंपाकघरात घड्याळ लावून नवऱ्यासमोर सराव करत असे आणि तो फक्त एवढेच सांगत असे की शेवटचा शब्द ऐकू आला की नाही.

प्रवेश मिळाल्यावर

येथून पुढचे काम कागदांचे आहे. हिपॅटायटिस बीसह लसींच्या नोंदी आणि क्षयरोगाची तपासणी लागते, तेव्हा लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड आईकडून शोधून घ्यावे. गुन्हेगारी नोंदीची तपासणी होते, आणि भारतात काही काळ राहिला असाल तर भारतातील पोलीस-प्रमाणपत्रही मागितले जाऊ शकते. त्याला लागणारे आठवडे हिशोबात धरावेत. विद्यार्थी-कर्जाचा अर्ज प्रवेश निश्चित होण्याची वाट न पाहता वसंत ऋतूतच करता येतो, आणि दुसऱ्या वर्षापासून एनएचएस शिष्यवृत्ती व विद्यार्थी-कर्ज असे दोन वेगळे अर्ज दरवर्षी करावे लागतात. पहिल्या वर्षाचे ३,४६५ पौंड मात्र कोणताही अर्ज देत नाही. ते प्रवेशाच्या महिन्यात खात्यावर तयार असावेत, म्हणून वृद्धाश्रमातील त्या शनिवार-रविवारचा पगार मी पहिल्या पाळीपासून वेगळ्या खात्यात टाकत गेले होते.